टोपण उघडायचं नाही

मल्लाप्पा रोज सकाळी परसातल्या मोरीपाशी उभे राहायचे, घशात दोन बोटं घालायचे आणि असा काही आवाज काढायचे की सीमेवरच्या वडगावच्या त्या बोळात कुणाला गजर लावायची गरज पडत नसे. याला ते पित्त पाडणं म्हणत. मग तोंड धुऊन, डोळ्यांतलं पाणी पुसून, कुस्ती मारून आल्यासारखे चहाला बसत. मनिषा इचलकरंजीहून लग्न होऊन या घरात आली, त्याच्या दुसऱ्याच सकाळी तिनं तो आवाज ऐकला आणि सासरे चालले असं समजून पाण्याचा तांब्या घेऊन धावली. लग्नाच्या पाहुण्यांसकट सगळं घर पोट धरून हसलं. तिला काही हसू आलं नाही. आल्या आल्या आपलं हसं केलं, हा राग तिनं पुढं बरीच वर्षं सांभाळून ठेवला.

राग सांभाळायला तिला जागा पुष्कळ होती. माहेरी माग, सासरीही माग. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पॉवरलूमचा खडखडाट चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं, आणि एकदा ती सवय लागली की माग बंद असतानाही आवाज खाली येत नाही. नव्या माणसाला वाटायचं, ही बाई सारखी भांडते. जुन्या माणसांना त्याची खात्री होती. नवरा युवराज साड्यांचे गठ्ठे घेऊन शहापूरच्या दुकानांत ये-जा करायचा आणि घरात मोजकंच बोलायचा, कारण बायकोच्या बोलण्यात मध्ये शिरायला फट सापडत नसे. सासू तिच्या लग्नाआधीच गेलेली. म्हणजे घरात माणसं तीनच, आणि तिघांचा मिळून आवाज एकटी मनिषा काढायची.

मग आरोही झाली आणि ती झाली तीच पिवळी. कोवळ्या उन्हात धरा, जाईल, असं सगळे म्हणाले. मनिषानं धरलं. ऊन कडक झालं, पोरगी पिवळीची पिवळीच. शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं की लिव्हरमधून पित्त वाहून नेणारी नळी हिच्या पोटात जन्मापासूनच नीट झालेली नाही. त्यांनी कोल्हापूरला पाठवलं. कोल्हापूरनं पुण्याला जा म्हटलं. पुण्यात पत्ता बघून विचारलं, तुम्ही कर्नाटकातले ना, मग बेंगळुरूला का गेला नाही? सीमेवरच्या माणसाला धड आजारीसुद्धा पडता येत नाही, हे मनिषाचं तेव्हापासूनचं पक्कं मत.

बेंगळुरूच्या दवाखान्यात आधी एक ऑपरेशन झालं, ते टिकलं नाही. मग डॉक्टर म्हणाले, लिव्हरच बदलायला हवं, घरातल्या कुणाचा तरी तुकडा चालेल. युवराजचा जुळला नाही, मनिषाचा जुळला. तिचं पोट फाडून लिव्हरचा तुकडा काढला आणि दोन वर्षांच्या आरोहीच्या पोटात बसवला. घरी आल्यावर अख्खं वडगाव बघायला लोटलं. जो तो बिस्किटाचा पुडा घेऊन यायचा, "लई दुखतंय काय गं?" म्हणून विचारायचा, चहा पिऊन जायचा. पोटाला टाके पडलेल्या बाईनं येणाऱ्याजाणाऱ्याला चहा करून द्यायचा, ही बघायला यायची रीत कुणी काढली त्याला एकदा भेटायचं होतं तिला.

पुढची काही वर्षं मात्र बरी गेली. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळेला औषध, बाकी पोरगी इतरांसारखी. दुसरीत गेली आणि खाजवायला लागली. आधी हात, मग पाय, मग सगळं अंग. शाळेनं खरूज म्हणून घरी पाठवलं. मनिषा शाळेत जाऊन बाईंशी भांडून आली, आणि मनात धाकधूक नको म्हणून कातड्याच्या डॉक्टरांचं मलमही चोळलं. एके दिवशी वेणी घालताना तिनं आरोहीचं तोंड उजेडाकडं वळवलं. डोळे हळदीसारखे झाले होते.

"नवं लिव्हर उत्तम आहे," बेंगळुरूचे डॉक्टर म्हणाले. "पण पित्त आतड्यात जायला आम्ही जी वाट जोडली होती, ती जोडावर आकसली आहे. मुलांच्यात असं कधी कधी होतं. पित्त तुंबतं, रक्तात उतरतं, म्हणून खाज. तुंबतच राहिलं तर लिव्हर खराब होईल."

"म्हंजे माझं लिव्हर," मनिषा म्हणाली.

"आता ते तिचं आहे," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी फासळ्यांच्या खालून एक बारीक नळी थेट लिव्हरमध्ये घातली आणि तिचं बाहेरचं टोक एका पिशवीला जोडलं. तुंबलेलं पित्त पिशवीत उतरायला लागलं, हिरवट पिवळं, दाट. खाज थांबली. दर काही आठवड्यांनी बेंगळुरूला जायचं, तिथं भूल देऊन त्याच वाटेनं आत फुगा सरकवायचा आणि तो फुगवून आकसलेली जागा ताणायची. तोवर घरी नळी रोज सलाईननं धुवायची, भोवतीची पट्टी बदलायची, अंघोळीला वर प्लॅस्टिक चिकटवायचं. मनिषानं साडीच्या उरलेल्या कापडाची झोळी शिवली आणि पिशवी त्यात घालून आरोहीच्या खांद्याला अडकवली. पळायचं नाही, पालथं झोपायचं नाही. आणि मनिषाला तिला गच्च धरता यायचं नाही. धरायला गेलं की मध्ये नळी. या एका गोष्टीनं ती आतल्या आत जळत होती, आणि बाहेरून सगळ्यांवर खेकसत होती.

घरात त्या पिशवीचं खरं कौतुक एकट्या मल्लाप्पांना. जन्मभर जे ते घसा फोडून सांगत आले, ते दवाखान्यानं आता मानलं होतं! सकाळी स्वतःचं पित्त पाडून झालं की ते नातीची पिशवी उजेडात धरून बघायचे आणि बोळात जाहीर करायचे, "आज लई पडलं बगा. बेस झालं." पिशवी कमी भरली की दिवसभर तोंड पाडून बसायचे. त्यांची बहीण राजाबाई सांबऱ्याहून बिस्किटाचा पुडा घेऊन आली आणि कणकुंबीकडं कुणी कावीळ झाली की तापलेल्या सळीनं डाग देतो, तिथं पोरीला नेऊया म्हणाली. मनिषानं तिला पुड्यासकट उंबऱ्याबाहेर काढलं. पुढच्या आठवड्यात ती दुसरा पुडा घेऊन हजर. या लोकांना रागवायचं तरी किती!

आणि मग तो दिवस आला. डॉक्टरांनी नळी आतून जरा मागं, आकसलेल्या जागेच्या अलीकडं ओढली, पिशवी काढून टाकली आणि बाहेरच्या टोकाला टोपण लावलं. "आता पित्त आपल्या वाटेनं जातंय का बघू," ते म्हणाले. "दोन-तीन आठवडे. काही झालं नाही तर नळी काढून टाकू. टोपण उघडायचं नाही. ताप भरला तरच पिशवी लावायची आणि लगेच निघायचं. खाज सुटली तर आधी आम्हाला फोन. आम्हाला तेच कळायला हवं आहे."

घरी येऊन मनिषानं हे सगळं सासऱ्यांना दोनदा सांगितलं. ऐकताना त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"पित्त आत कोंडून घातल्यावर माणूस बरं व्हतंय व्हय?" ते म्हणाले. "माणूस हाय का लोणच्याची बरणी?"

"आप्पा, डॉक्टर तुमी का त्ये?"

"त्येच गं. पर आपलं एक बोललो."

ते आठवडे सुरेख गेले. मनिषा सकाळी आरोहीला शाळेत सोडायची, दुपारी ती आली की तिला आजोबांच्या हवाली करून मागावर जायची. संध्याकाळी विचारायची, "खाजलं काय गं?" आरोही मान हलवायची, न्हाय. डोळे पांढरे, ताप नाही. संडासला आता माझी मी जाणार, असं पोरीनं जाहीर केलेलं, तर त्याचंही मनिषाला कौतुक वाटलं. युवराजनं बेंगळुरूच्या बसची तिकिटं काढली. राजाबाईनं या वेळी बिस्किटं सोडून पेढे आणले. मनिषा चक्क कुणावर ओरडली नाही.

निघायच्या दोन दिवस आधी ती धुणं धूत होती. मल्लाप्पांचा पंचा हातात आला. एका कोपऱ्याला हिरवट पिवळा डाग होता, सुकून कडक झालेला. भाजीचा नव्हता आणि सुताच्या रंगाचाही नव्हता. तो रंग तिनं कित्येक महिने रोज पिशवीत बघितला होता. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी समजलं. ओला पंचा तसाच घेऊन ती बाहेर कट्ट्यावर आली.

"आप्पा, ह्ये काय?"

मल्लाप्पांनी पंच्याकडं बघितलं, मग स्वतःच्या पायांकडं.

"टोपण सोडलासा तुमी?"

"पोर खाजवालती गं," म्हातारा हळूच म्हणाला. "तू तिकडं मागावर. दुपारच्याला नुसती तडफडायची, पाय लाल करायची. जरा सोडलं, वाटीत उतरलं, की गप निजती बिचारी. मग परत घट्ट लावतो की म्या. हात धुऊन करतो."

"रोज?"

"रोज न्हाय." तिच्या हातातल्या पंच्याकडं बघून ते म्हणाले, "व्हय. रोज."

मनिषानं आयुष्यात कधी काढला नसेल असा आवाज काढला. शेडमधून कामगार बाहेर आले, समोरच्या घरातली दारं उघडली. तुमच्यापायी पोरगी मरंल, माझं लिव्हर सडवायला निघालाय तुम्ही, असलं काय काय ती बोलली. आरोही दारात येऊन रडायला लागली. मनिषा तिच्यावर वळली, "आणि तू गं? रोज विचारत हुतो न्हवं तुला? खोटं कशाला बोललीस?"

"आज्जा म्हनला, आईला सांगू नको," आरोही हुंदके देत म्हणाली. "आई वरडती."

मनिषाचा आवाज तिथंच तुटला. नळीपेक्षा, पंच्यापेक्षा हे तिला जास्त लागलं. घरातली दोन माणसं एकमेकांच्या अंगाला बिलगून, वाटी घेऊन, तिच्या ओरडण्याला भिऊन चोरून बसत होती, आणि ती शेडमध्ये समाधानानं साड्या विणत होती. ती पंचा घेऊन परत मोरीवर गेली आणि डाग निघाला तरी बराच वेळ घासत राहिली.

संध्याकाळी युवराजला सांगितलं तर तो आधी डोकं धरून बसला, मग म्हणाला, "तिकटं काढल्यात. तिथं गेल्यावर तपासतीलच की. आपन व्हऊन कशाला सांगायचं? निघाली नळी तर निघाली."

खरं सांगायचं तर हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं. दुपारभर तेच येत होतं. गप्प बसलं तर कदाचित नळी निघेल. सांगितलं की पुन्हा पिशवी, पुन्हा भूल, पुन्हा महिनोन्महिने ती झोळी. एकदाचं सुटावं, एवढंच तिला हवं होतं. पण वाट अजून बंद असली आणि नळीच काढून टाकली, तर पोरीच्या आत काय होईल ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करणं तिला जमेना. तिनं नवऱ्यालाही चार शब्द सुनावले आणि दवाखान्यात फोन लावला.

"हेळ्री, हेळ्री," बोला, बोला, असं तिकडून सिस्टर घाईनं कानडीत म्हणाल्या. मनिषानं आपल्या मोडक्या कानडीत सगळं सांगितलं. सिस्टरनी सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "कुणी उघडलं?"

मल्लाप्पा दाराआड उभे होते. त्यांचा पाय तिला दिसत होता.

"आमच्याकडनं चूक झाली," मनिषा म्हणाली.

दवाखान्यात आत औषध सोडून फोटो काढला. जोडावरची वाट अजून सुताएवढीच होती. नळी काढली असती तर आठवड्यात ताप घेऊन परत आला असतात, आणि पुन्हा आत शिरायला आम्हाला जागा मिळाली नसती, असं डॉक्टर म्हणाले. बोलणी मनिषालाच बसली, कारण समोर तीच उभी होती. ज्यानं केलं तो वडगावात कट्ट्यावर बसलेला! पण ती खाली मान घालून ऐकत राहिली. युवराज तिच्याकडं बघतच राहिला. इतका वेळ गप्प असलेली बायको त्यानं पहिल्यांदा बघितली होती.

पुन्हा पिशवी आली, पुन्हा फुगे झाले. मल्लाप्पा आता पिशवीकडं बघतही नसत, आणि सकाळचा मोरीवरचा आवाजही बंद झाला. बोळातल्या एकानं मनिषाला विचारलंसुद्धा, म्हातारा बरा हाय न्हवं? या गप्प म्हाताऱ्याचाही तिला वैताग आला. पहिल्यासारखे मोरीवर ओरडले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

पावसाळा सरता सरता डॉक्टरांनी दुसऱ्यांदा टोपण लावलं. या वेळी मनिषानं दुपारचा माग दुसऱ्या बाईला दिला आणि स्वतः पोरीजवळ बसायला लागली. संडासलाही एकटी सोडायची नाही, रोज रंग बघायचा: पित्त आतड्यात उतरलं तर पिवळा, तुंबलं तर पांढरट. आरोहीनं खाजवलं की लगेच फोन करायचा, तिनं कितीही रडून "सोड" म्हटलं तरी टोपणाला हात लावायचा नाही, असं तिनं मनाशी घट्ट केलं होतं. पण पोरगी खाजवेचना. चित्रं काढायची, गोष्टी सांगायची, झोपी जायची. पायावर एक ओरखडा दिसेना. आणि मनिषाचा संशय वाढत चालला. चांगलं काही झालं की आपल्यामागं कुणीतरी काहीतरी केलंय, हे तिला आता अनुभवानं माहीत होतं. ती अंघोळीला जाते तेव्हा? दुकानाला जाते तेव्हा? तिनं पंचे तपासले, वाट्या हुंगल्या. मल्लाप्पा दुपारी जेवले की चप्पल घालून निघून जात आणि चहाच्या वेळेला उगवत, याचाही तिला राग होता. घरात आजारी पोर, आणि यांना देवळाच्या पारावर गप्पा सुचतायत.

शेवटी एके दिवशी तिचा बांध फुटला. मल्लाप्पा चप्पल काढून आत येत होते, तर ती आडवी उभी राहिली.

"आप्पा, खरं सांगा. परत सोडलासा न्हवं तुमी?"

"काय?"

"टोपण. पोर एकदाबी खाजवली न्हाय. कवा सोडतासा? सकाळी मी पानी भरायला जातो तवा? रातच्याला?"

मल्लाप्पा सुनेशी कधी चढ्या आवाजात बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"आगं म्या घरात ऱ्हातो कवा?" ते ओरडले. "जेवल्याबरोबर जातो की निघून! कशाला जातो वाटलं तुला? तिथं पारावर माजं कोन हाय? एकटा बसतो उनात. पोर रडली आन म्या ऐकलं तर माजा हात ऱ्हानार न्हाय गं, परत सोडीन म्या. म्हनून जातो. न्हाय सोडलं! तिच्या अंगाला हात लावायला सुद्दा भ्या वाटतंय मला."

आरोही आतून धावत आली आणि आजोबांच्या धोतराला धरून उभी राहिली. "आज्जा आलाच न्हाय गं आई. खरंच मला खाजतच न्हाय."

मनिषानं पोरीकडं बघितलं, मग सासऱ्यांकडं.

"मग..." ती म्हणाली. "मग पित्त गेलं कुटं?"

उत्तर तिनं स्वतः रोज सकाळी बघितलं होतं. इतके दिवस संडासात पिवळंधमक, इतर कुठल्याही पोरासारखं. रोज बघत होती आणि रोज चिडून पाणी ओतत होती, कारण आपल्या घरात असं काही सरळपणे होईल हे तिच्या मनातच येत नव्हतं. आता मात्र ती उंबऱ्यावरच बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मल्लाप्पा घाबरून तांब्यात पाणी घेऊन आले.

पाणी पिऊन तिनं फोन लावला.

"हेळ्री," सिस्टर म्हणाल्या.

"खाज न्हाय. ताप न्हाय. संडास पिवळी," मनिषा म्हणाली. गडबडीत कानडी विसरून ती मराठीतच बोलत होती. "टोपण बंद हाय."

मग भानावर येऊन तिनं तेच मोडक्या कानडीत सांगितलं. मागचा प्रकार सिस्टर विसरल्या नव्हत्या. "नक्की बंद होतं? घरात कुणी उघडलं नाही?"

मनिषानं वर बघितलं. मल्लाप्पा रिकामा तांब्या हातात धरून समोर उभे होते.

"नक्की," ती म्हणाली. "आमचे आप्पा सांगतात."